बिलाच्या तळाशी छापलेली ओळ

आपल्या दुकानांतील बिलबुकांवर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आजोबांच्या बिलबुकावर ती होती म्हणून वडिलांच्या बिलबुकावर आली आणि वडिलांच्या बिलबुकावर होती म्हणून आज संगणकातून निघणाऱ्या जीएसटी बिलावरही ती आहे. छापखानेवाल्याने विचारले नाही, छापून घेणाऱ्याने वाचली नाही. पुष्कळ व्यापारी बंधूंची अशी प्रामाणिक समजूत असते की, ही ओळ म्हणजे दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला करारच होय. बिल हातात घेतले म्हणजे गिऱ्हाइकाने ती मान्य केली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या समजुतीला कोणताही आधार देत नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशास म्हणावे याची यादी आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही ती होती. नव्या कायद्याने तीत भर घातली. माल विकून बिल न देणे ही त्यातली एक भर. दुसरी अशी : सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे परत देण्यास बिलात नमूद केलेल्या मुदतीत नकार देणे, आणि बिलात मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत नकार देणे. म्हणजे ज्या ओळीच्या भरवशावर आपण गल्ल्यावर निर्धास्त बसतो, ती ओळ सदोष मालापुरती निरुपयोगी आहे. एवढेच नव्हे, तर आपण अनुचित प्रथा पाळतो याची लेखी कबुली आपणच प्रत्येक बिलावर छापून देत आहोत, असेही उद्या कोणी म्हणू शकेल.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा, कारण त्यावाचून दुकानदार विनाकारण धास्तावतो आणि गिऱ्हाईक विनाकारण भांडते. कायदा बोलतो तो सदोष मालाविषयी. साडीचा रंग घरी गेल्यावर सूनबाईंना पसंत पडला नाही, किंवा तोच पंखा शेजारच्या पेठेत दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला, हा मालातला दोष नव्हे. अशी वस्तू बदलून द्यावी की नाही, हा दुकानदाराच्या सौजन्याचा आणि पेढीच्या रिवाजाचा प्रश्न आहे. साडीची जर पहिल्या धुण्यातच काळी पडली, पंख्याचे मोटर आठ दिवसांत जळाले, तर मात्र प्रश्न सौजन्याचा उरत नाही. म्हणून नवी बिलबुके छापायला देताना ती जुनी ओळ काढून ‘सदोष माल बिलासह अमुक दिवसांत आणल्यास परत घेतला जाईल’ अशी ओळ घालणे शहाणपणाचे. मुदत आपण ठरवली तर ती आपली राहते. न ठरवली तर कायदा ठरवतो.

आजच्या लेखाचा मुख्य विषय मात्र वस्तूची किंमत परत देण्याच्या पलीकडचा आहे. वस्तूमुळे कोणाला इजा झाली, घर जळाले, कोणी दगावले, तर भरपाई कोणी द्यायची? आणि ती द्यावयाची असा हुकूम झाल्यावर ती हाती कशी पडायची?

आपली घरे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभी असतात. सकाळी दहा ते रात्री नऊ आपण विक्रेते. दुकानाचे शटर खाली ओढले की ग्राहक. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांनी गट करावेत, एकत्रित खरेदी करावी आणि माल आपसांत वाटून घ्यावा, अशी ती पद्धत. मधल्या दुकानदाराला वगळणारी ही कल्पना बाजारपेठेला रुचणे कठीणच होते. ‘ग्राहक विरुद्ध व्यापारी’ अशी जी मांडणी तेव्हापासून मनात बसली, तिच्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी हा कायदा केवळ आपल्याविरुद्धचा म्हणून कधी उघडूनच पाहिला नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी भांड्यांचे जुने दुकान आहे. लग्नसराईत घाऊक बाजारातून पन्नास कुकर आले. पेटीवर नाव आहे, पण कारखान्याचा पत्ता नाही. आयएसआय चिन्ह नाही. आणि व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर, रोखीने झालेला. त्यातला एक कुकर कोणीतरी आहेरासाठी नेला. चार महिन्यांनी स्वयंपाकघरात तो फुटला. नव्या सुनेचा चेहरा आणि हात भाजले.

पहिला प्रश्न : तिने तर कुकर विकत घेतलेलाच नाही, मग ती ग्राहक कशी? कायद्यात याचे स्पष्ट उत्तर आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच होय. आहेर ही तर संमतीहूनही अधिक गोष्ट झाली. तेव्हा तक्रार ती स्वतः करू शकते.

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा : जबाबदार कोण? दुकानदार म्हणेल, मी कुकर तयार केलेला नाही. बंद पेटी आली, बंद पेटी दिली. एरवी हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरते. ‘उत्पादन दायित्व’ हे नव्या कायद्यातले सहावे प्रकरण भरपाईचा पहिला भार उत्पादकावरच ठेवते. परंतु कलम ८६ असे काही प्रसंग सांगते की, त्या वेळी विक्रेताही भरपाईस पात्र ठरतो, आणि ते प्रसंग आपल्या रोजच्या धंद्यातलेच आहेत. वस्तूची रचना, बांधणी किंवा वेष्टन यांवर विक्रेत्याचे भरीव नियंत्रण होते. त्याने वस्तूत काही बदल केला आणि तो बदल इजेला ठळकपणे कारणीभूत ठरला. उत्पादकाच्या हमीखेरीज त्याने स्वतःची वेगळी हमी दिली. वस्तू जोडताना, तपासताना किंवा तिची देखभाल करताना त्याने वाजवी काळजी घेतली नाही. किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना त्याने पुढे पोचवल्या नाहीत. आणि या साऱ्यांहून महत्त्वाचा प्रसंग असा की, उत्पादक कोण हेच ठाऊक नाही, अथवा ठाऊक असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही किंवा त्याच्याविरुद्ध हुकमाची अंमलबजावणी करता येत नाही.

आपल्या उदाहरणातला दुकानदार नेमका येथे सापडतो. कच्च्या चिठ्ठीवर कारखाना सापडत नाही. घाऊक व्यापारी ‘हा माल आमचा नव्हेच’ असे म्हणून मोकळा होतो. साखळीत ज्याचे नाव आणि पत्ता कागदावर आहे असा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे ज्याने गिऱ्हाइकाला बिल दिले तो. कुकरमागे शंभर-सव्वाशे रुपये सुटले असतील; भरपाई मात्र कारखानदाराच्या वाट्याची.

‘वेगळी हमी’ या शब्दांपाशीही थोडे थांबायला हवे. कंपनीचे वॉरंटी कार्ड एक गोष्ट सांगते आणि गल्ल्यावर बसलेले आपले भाईजी दुसरीच. ‘घेऊन जा हो बिनधास्त, दहा वर्षे काही होणार नाही, मी बसलोय ना!’ हे वाक्य आपल्या बाजारपेठांत रोज किती वेळा उच्चारले जात असेल! बोललेले सिद्ध करणे कठीण, हे खरे. पण हल्ली तेच वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले जाते आणि गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तारीख-वेळेसह जपून राहते.

कुकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. घरगुती प्रेशर कुकरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. आयएसआय चिन्हाशिवाय कुकर विकणे हाच दोष. ऑनलाइन दुकाने यातून सुटतात अशी आपली कायमची तक्रार असते. ती पूर्णपणे खरी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनच्या मंचावरून विकल्या गेलेल्या अशा २,२६५ कुकरांबाबत हुकूम काढला : सर्व ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा; शिवाय एक लाख रुपये दंड. कंपनीने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ हा बचाव प्राधिकरणाने मात्र मानला नव्हता.

विक्रेत्याला बचाव नाहीच असे मुळीच नव्हे. गिऱ्हाइकाने वस्तूचा गैरवापर केला, किंवा तीत परस्पर फेरफार केला, तर कलम ८७ विक्रेत्याच्या मदतीला येते. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुटपाथवरून घेऊन बसवला असेल तर तो मुद्दा मोलाचा ठरतो. पण तोच व्हॉल्व्ह आपल्याच दुकानातल्या पोऱ्याने दहा रुपयांत बसवून दिला असेल तर? मग बाजी उलटते. देखभालीतली काळजी हा मुद्दा आपल्याच विरुद्ध उभा राहतो. सुटे भाग विकणाऱ्यांनी आणि बसवून देणाऱ्यांनी या कलमाची विशेष दखल घ्यावी.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे आणि असलीच्या नावाखाली नकली माल देणे, म्हणजे हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार, यांची गणना आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांत फसवणुकीचा हेतू गृहीत आहे. वरच्या उदाहरणातल्या दुकानदाराच्या मनात तसा हेतू नव्हता. त्याला कुकरातला दोष ठाऊकही नव्हता. भरपाईचा कायदा येथे मनाची झडती घेत नाही. भाजलेल्या मुलीच्या औषधपाण्याचा आणि तिच्या गेलेल्या महिन्यांचा भार कोणी उचलावा एवढेच तो विचारतो. ‘मी जाणूनबुजून केले नाही’ हे उत्तर त्यामुळे अपुरे पडते. आपल्याच परिभाषेत बोलायचे तर हा प्रमादाचा प्रश्न आहे, आणि पक्के बिल न मागता माल उतरवून घेणे हा प्रमादच होय.

आता त्या सुनेच्या बाजूने पाहू. तिच्या घरच्यांनी पहिल्या दिवशी काय करावे? दवाखान्याची धावपळ आटोपली की फुटलेला कुकर, त्याचे झाकण, शिट्टी, रिंग, पेटी हे सारे आहे तसे बांधून ठेवावे. दुकानदार भला माणूस असतो, धावत येतो, ‘कुकर माझ्याकडे द्या, कंपनीला पाठवतो’ असे म्हणतो. हेतू चांगला असला तरी कुकर देऊ नये. तोच पुरावा आहे. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तेव्हा आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. कुकरच हाती नसेल तर मोहोर कशाला लावणार? छायाचित्रे काढावीत, दवाखान्याचे प्रत्येक कागद तारखेनुसार लावून ठेवावेत. आहेर देणाऱ्याकडून मूळ बिल मागून घ्यावे. आपल्याकडे आहेराचे बिल मागणे अशिष्ट समजतात. इजा झाल्यावर तो संकोच सोडावा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करावयाची. पूर्वी विकणाऱ्याच्या गावी जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथेही तक्रार दाखल करता येते. सुरतेहून मागवलेल्या मालाची तक्रार सांगलीत करता येते. वस्तूसाठी दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. आयोग ठरतो तो मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून. दोन हजारांच्या कुकरासाठी पंचवीस लाखांची भरपाई मागितली तरी जिल्हा आयोगच, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क काहीही नाही. ही पद्धत घटनेला धरून आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची. ती तक्रारीचे कारण घडल्या दिवसापासून मोजतात, आणि पत्रव्यवहारात, ‘बघू, करू’ ऐकण्यात ती कशी सरते हे कळतही नाही.

भरपाईचा आकडा मांडताना दोन्ही टोके टाळावीत. काही जण राग काढावा तसा आकडा लिहितात. काही जण केवळ दवाखान्याचे बिल जोडून थांबतात. कायद्याच्या व्याख्येत शारीरिक इजा, आजार, मृत्यू, इतर मालमत्तेचे नुकसान आणि इजेबरोबर येणारा मानसिक क्लेश हे सारे येते. खुद्द त्या वस्तूचे नुकसान मात्र या ‘हानी’त धरत नाहीत, तिची किंमत वेगळी मागावी लागते. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न शून्य धरण्याची चूक आपली माणसेच करतात. मोटार अपघातांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मोल मान्य केलेले आहे. तीन महिने स्वयंपाकाला आणि मुलाला सांभाळायला बाई ठेवावी लागली असेल तर तिच्या पगाराच्या पावत्या ठेवाव्यात. आयोगाला आकडा पटतो तो कागदावरून. कागद नसलेल्या मानसिक क्लेशासाठी सहसा जेमतेम रक्कम मंजूर होते, असा माझा अनुभव.

पुन्हा दुकानाकडे वळू. समजा, आयोगाची नोटीस आली. आपल्या पेढ्यांवर अशा लिफाफ्याचे काय होते हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो गल्ल्याच्या खणात जातो, दिवाळीच्या हिशेबात वर येतो. तोवर खेळ संपलेला असतो. लेखी म्हणणे देण्यास तीस दिवस. आयोगाने दिले तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही वाढवून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये निर्विवादपणे सांगून टाकले. म्हणणे दाखल झाले नाही की प्रकरण गिऱ्हाइकाच्या कागदांवरच चालते. त्यानंतर अपील करायचे तर पंचेचाळीस दिवसांत, आणि हुकमातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरून.

पहिल्याच लेखी म्हणण्यात एक गोष्ट आवर्जून करावी : उत्पादकाचे आणि घाऊक पुरवठादाराचे नाव-पत्ते, आपल्या खरेदीच्या पक्क्या बिलांसह, आयोगापुढे ठेवावेत आणि त्यांना प्रकरणात सामील करून घेण्याची विनंती करावी. यामागचे कारण बारकाईने समजून घ्या. आपण भरपाई दिल्यावर ती उत्पादकाकडून वसूल करायला ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याच्या लेखी ग्राहकच नव्हे. त्याला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. कारखानदाराला एकाच प्रकरणात उभे करण्याची संधी विक्रेत्याला ग्राहकाच्या तक्रारीतच मिळते, आणि ती खरेदीचे बिल असेल तरच.

मग व्यापारी स्वतः ग्राहक केव्हा? या प्रश्नावर तीस वर्षे खल चाललेला आहे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली : वस्तू मोठ्या प्रमाणावर नफ्याच्या उद्योगासाठी घेतली तर तो ‘व्यापारी हेतू’, पण पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा किंवा ट्रक चालवायला घेणारा माणूस ग्राहकच. गिरणीवाल्याने स्वतः चालवायला घेतलेली चक्की, शिवणकाम करणाऱ्या भगिनीने घेतलेले यंत्र या कसोटीत बसते. पेढीच्या गोदामासाठी घेतलेली दहा वजनयंत्रे बहुधा बसणार नाहीत.

विम्याच्या बाबतीत मात्र आपल्यासाठी दिलासा आहे. दुकानाला, गोदामाला आगीचा विमा असतो, आग लागते, कंपनी दावा नाकारते आणि वर म्हणते, तुम्ही व्यापारी, तुम्हाला ग्राहक आयोगात यायचा अधिकारच नाही. गुजरातेत २००२ च्या दंगलीत जळालेल्या हरसोलिया मोटर्स या पेढीला हेच सांगण्यात आले. विमा नफा मिळवण्यासाठी नव्हे, तर नुकसान भरून निघावे म्हणून घेतात, तेव्हा विमेदार पेढी ग्राहकच होय, असे राष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले ते एप्रिल २०२३ मध्ये. केवळ ‘तुम्ही ग्राहक आहात का’ या प्रश्नाच्या उत्तराला दोन दशके! दाव्याच्या रकमेचा विचार त्यानंतर व्हायचा. पण ती वाट आता मोकळी झाली आहे, आणि विम्यात मोबदला म्हणजे भरलेला हप्ता धरला जात असल्याने मोठ्या रकमेचे दावेही बहुधा जिल्हा आयोगापुढेच चालतात.

समाजाच्या विश्वस्त संस्था चालवणाऱ्यांनीही एक निकाल जाणून घ्यावा. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने आपल्या रुग्णालयातील परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या. काही वर्षांतच बांधकामाची दुर्दशा झाली. बांधकाम व्यावसायिकाचे म्हणणे, ट्रस्ट ग्राहक नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टला ग्राहक मानले, कारण परिचारिकांना राहायला दिलेल्या घरांतून ट्रस्टला थेट नफा होत नव्हता. वसतिगृहे, धर्मशाळा, भोजनशाळा यांसाठी यंत्रे किंवा बांधकाम घेणाऱ्या विश्वस्तांनी तक्रारीचा विचार निदान याच कसोटीवर करून पाहावा.

राहिला अंमलबजावणीचा भाग, आणि सर्वांत जास्त माणसे थकतात ती येथेच. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. वास्तव कसे असते हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना सांगायला नको. निकाल हाती आला तरी पैसे येतातच असे नाही. तेव्हा त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करावा लागतो. दोन मार्ग आहेत. कलम ७१ खाली आयोग आपला हुकूम दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावू शकतो. मालमत्तेची किंवा बँक खात्याची जप्ती त्यात येते. कलम ७२ खाली हुकूम न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हे कलम कागदावर फार कडक आहे आणि पकड वॉरंट निघाले की पैसे लगेच भरले जातात, अशी सर्वसाधारण ख्याती आहे. माझ्या मते मात्र पहिला अर्ज कलम ७१ चा असावा. तुरुंगाच्या भीतीने पैसे येतील हा अंदाज. खाते गोठल्यावर पैसे येतात ही खात्री.

जुन्या कायद्याखालील हुकूम हाती धरून बसलेल्यांसाठी एक बातमी जुनी झालेली नाही. २००३ च्या दुरुस्तीत १९८६ च्या कायद्याचे कलम २५ असे लिहिले गेले की, त्याचा वापर जणू अंतरिम हुकमांपुरताच, अंतिम हुकमांचे काय हे धूसर. पुण्याच्या पाम ग्रोव्हज गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती फट बुजवली : १५ मार्च २००३ ते २० जुलै २०२० या काळासाठी ते कलम ‘कोणताही हुकूम’ असेच वाचावे. बिल्डरविरुद्ध त्या काळात मिळालेले आणि कपाटात पडून असलेले हुकूम ज्या सोसायट्यांकडे आहेत, त्यांनी ते बाहेर काढून वकिलाला दाखवावेत.

वसुलीच्या अर्जात आयोग पहिला प्रश्न विचारतो तो असा की, समोरच्याची मालमत्ता कोठे आहे, खाते कोणत्या बँकेत आहे? हे शोधणे अर्जदाराचे काम. त्या वेळी कुकरच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक, दुकानाचा पूर्ण पत्ता, मालकाचे किंवा फर्मचे नाव, आणि पैसे फोनवरून दिले असतील तर ज्या खात्यात गेले त्याचा तपशील, हे सारे कामी येते. वस्तू घेतानाच त्या बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे. थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत पुसट होते, आणि मुदत तर दोन वर्षांची आहे.